गोधडीचा घास

केसरबाईनं शिवलेली गोधडी उलटी अंथरली तरी कुणाच्या लक्षात यायचं नाही. टाका दोन्ही अंगांनी सारखा, ज्वारीच्या दाण्याएवढा. पाली गावात तिच्या वयाच्या सगळ्याच बाया गोधड्या शिवत. पण लेकीच्या बाळंतपणाची किंवा जावयाला द्यायची गोधडी असली, की माणसं जुनी लुगडी गाठोड्यात बांधून बौद्धवाड्याकडं वळायची. वरच्या आळीतल्या बायासुद्धा यायच्या. गाठोडं ओट्याच्या कडेला ठेवायच्या, चहाला "नको, आत्ताच झाला" म्हणायच्या आणि गोधडी मात्र तिच्याच हातची मागायच्या. केसरबाई त्यांच्यासमोर काही बोलायची नाही. त्या गेल्या की नवऱ्याला म्हणायची, "चहा बाटतो. गोधडी न्हाई बाटत."

बाई उंच, वाळकी. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथं काळा दोरा ओवून कानामागं बांधलेला. बोलणं मोजकं, पण उमाणी, म्हणजे कोडी, घालायचा भारी नाद. सुई चालू असली की मधूनच मान वर न करता म्हणायची, "काळी गाय काटे खाय, पाणी बघून उभी ऱ्हाय. वळखा." नव्या सुना डोकं खाजवायच्या. मग हीच सांगायची, "वहाण गं. पाण्यापाशी आपण काढून ठिवतो का न्हाई?" शहाऐंशीचा पावसाळा कोरडा गेला, बिंदुसरेच्या धरणात चिखलाच्या खपल्या उरल्या, तेव्हा एकीनं तिलाच उलट टोला दिला होता, "मावशी, आता तुमची गाय उभीच ऱ्हात न्हाई. पाणी हाय कुठं?" केसरबाई त्यावर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली होती.

तिची शिवायची रीत जुनी. लुगड्यांचे पदर एकावर एक घालायचे, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवून ताणायचे आणि कडेपासून धावदोरा घालत फिरत फिरत आत यायचं. शेवटी बरोबर मधात वीतभर तोंड राहतं. ते शिवून टाकण्याआधी केसरबाई तव्यावर कडक केलेला भाकरीचा टिचभर तुकडा आत सारायची. तिची आई सारायची, आईची आई सारायची. "रिकाम्या पोटी गोधडी दुसऱ्याच्या अंगावर घालू न्हाई," ती सांगायची. "मंग ती माणसाची ऊब खाती."

माणिकराव, तिचा नवरा, बांधकाम खात्यात रस्त्यावर मजूर होता. आता निवृत्त होऊन गायन पार्टी चालवायचा. त्याच्या पेटीची एक पट्टी मुकी होती. तिथं आली की तो सूर स्वतःच्या गळ्यातून भरून काढायचा. त्या तुकड्यावरून तो तिला तीस वर्षं चिडवत आला होता, "आपुन धर्म बदलला, पर तुझी गोधडी अजून जुन्याच धर्मात हाय बघ. तिला नैवेद्य लागतो."

"नैवेद्य देवाला ऱ्हातो. ह्यो घास हाय," ती म्हणायची. "भूक काय धर्म बघून लागती?"

त्या दुष्काळातच गावात बायांची सोसायटी निघाली. खरं नाव लांबलचक होतं, महिला औद्योगिक सहकारी असं काहीतरी, पण सगळे म्हणायचे बायांची सोसायटी. अध्यक्ष छबुबाई. तिचे मालक आबासाहेब साखर कारखान्याचे संचालक होते, त्यामुळं हीही संस्था कागदावरच राहणार असं गावानं धरलं होतं. पण छबुबाईनं ते मनावर घेतलं. जिल्ह्याच्या कचेरीत स्वतः खेटे घातले आणि औरंगाबादच्या एका मुलींच्या वसतिगृहाचं साठ गोधड्यांचं काम आणलं. गावच्या जुन्या गुदामाला लागून पत्र्याची शेड उभी राहिली. चौदा बाया घेतल्या. शिकवायला केसरबाई. "ही पहिली खेप नीट गेली," छबुबाईनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "की आणखी दहा बाया घेऊ. वचन देते."

त्या दहांत पहिलं नाव सिंधूचं घालायचं, असं केसरबाईनं तिच्याकडून वदवून घेतलं होतं.

सिंधू तिची सून. लेक बन्सी बोअरच्या गाडीवर. दुष्काळात त्या गाडीला उसंत नसते. आज गेवराई, उद्या माजलगाव, महिनामहिना घरी येणं नाही. सोसायटीची मजुरी खेप गेल्यावरच मिळणार होती, म्हणून सिंधू रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची. तिथं आठवड्याला धान्याचं कुपन मिळायचं आणि त्यावर घर चालत होतं. गेल्या चैत्रात, पाचव्या महिन्यात, त्याच खडीच्या ढिगाजवळ तिचं पोट पडलं होतं. लोकांनी तिला बैलगाडीत घालून घरी आणलं तेव्हा केसरबाईनंच गाडीतली गोधडी धुवायला नेली होती. आता परत पाचवा लागला होता. सोसायटीत जागा मिळाली तर पोरगी सावलीत, जमिनीवर पाय पसरून बसेल, हातात हातोड्याऐवजी सुई असेल. केसरबाईला त्या साठ गोधड्या गावाबाहेर गेलेल्या बघायच्या होत्या त्या एवढ्यासाठीच.

गोधड्या पुऱ्या झाल्या. घडी करून गुदामात थप्पी लागली. गाडी गुरुवारी येणार होती.

सोमवारी सकाळी केसरबाई शेडकडं निघाली तर गुदामाचा राखणदार बंकट वाटेतच आडवा आला. चाळिशीचा माणूस, बायको वारलेली, पदरात दोन लेकी. चेहरा पांढराफटक पडलेला.

"मावशी, आधी तुमीच बगा. मंग मला काय मारायचं ते मारा."

गुदामात वर्षाच्या वर्षाला ज्वारीची पोती असायची. यंदा नुसता वास होता. बंकटनं थप्पीतून खालची गोधडी ओढली, उलगडली. मधोमध हाताच्या पंजाएवढं भोक. कडेनं दोरे कुरतडलेले. दुसरी उलगडली. मधोमध भोक. तिसरी, चौथी. कडा शाबूत, कोपरे शाबूत, भोक तेवढं मधात.

केसरबाई तिथंच रिकाम्या पोत्यावर बसली. बंकटला वाटलं, बाईला धसका बसला. धसका होताच, पण त्याला वाटला तो नव्हे. उंदराच्या तोंडाशी कड होती. ती सोडून तो चार पदर कुरतडत मधातच का गेला, हे तिला पहिल्या गोधडीलाच कळलं होतं.

आजवर तिची एकही गोधडी गुदामात गेली नव्हती. शिवली की त्याच संध्याकाळी कुणाच्या तरी अंगावर. रोज उन्हात पडायची, सणाला नदीवर धोपटली जायची, आतल्या तुकड्याचं पहिल्याच धुण्यात पीठ व्हायचं. एका बंद खोलीत साठ घास, आणि ते अशा वर्षी, की शिवारात दाणा नाही म्हणून उंदीर घरांत शिरलेले. हे तिच्या मनालाही शिवलं नव्हतं. उलट ती रोज एकेकीला विचारायची, "घास ठिवलास का गं? मंग मिटव तोंड."

"बंकट," ती म्हणाली. पण पुढचं बोलायच्या आत दारात छबुबाई उभी होती.

छबुबाईनं आवाज चढवला नाही. ती चिडली की पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायची. तेवढं केलं. भोकं एकेक करून पाहिली.

"दार उघडं टाकून विडी ओढत बसला असशील."

"न्हाई वैनी. लेकींची आण. कुलूप लावूनच..."

"किल्ल्या ठेव इथं. गुरुवारी गाडी जाऊ दे. मग तुझं बघते."

बंकटनं कमरेची किल्ली सोडली आणि वजनकाट्यावर ठेवली. केसरबाईनं उलगडलेली गोधडी भोक आत जाईल अशी दुमडली.

"केसरमावशी, चांगल्या किती निघतील?"

"वरच्या साऱ्या धडच दिसायल्यात."

"त्या तरी वाचवा. ही खेप फसली ना, तर नव्या बाया घ्यायचं विसरा. आहे त्या चौदा तरी राहतील का, मला सांगता यायचं नाही. कचेरीतले साहेब वाटच बघतायत, बायांची सोसायटी कधी बुडते याची."

केसरबाईनं मान हलवली.

त्या दिवशी शेडमध्ये फाटक्या गोधड्यांना ठिगळं लावायचं काम सुरू झालं. धड गोधड्या फळ्या टाकून उंच रचल्या, भोवती बाभळीचे काटे घातले, कोपऱ्यांत उंदराचं औषध ठेवलं. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. कौशल्याबाईनं एकदा विचारलं, "मावशी, आज उमाणं न्हाई व्हय?" ही वरच्या आळीतली, तोंडानं तिखट, हातानं चपळ. केसरबाईनं सुईत दोरा ओवत असल्याचं सोंग केलं. दोरा ओवलेलाच होता.

दिवस कलताना सिंधू कामावरून आली. उंबऱ्यावर बसताना तिनं आधी चौकटीला धरलं, थोडी वाकली, थांबली आणि मग टेकली.

"कंबर दुखतीय का?" केसरबाईनं विचारलं.

"न्हाई आत्याबाई. आज मुकादमानं दुपारी सावलीत बसू दिलतं. चांगला हाय तो."

"मंग चौकट कावून धरलीस?"

"सवयीनं." सिंधू हसली. "तुमच्या खेपेचं काय झालं? साऱ्या कामावर चर्चा हाय. उंदरं लागली म्हणं."

"लागलीत थोडी. तू हातपाय धू."

गेल्या चैत्रातही आदल्या दिवशी पोरगी अशीच दोनदा थांबून बसली होती. केसरबाईला ते लख्ख आठवलं. तिनं चुलीत उगीच एक काटकी सारली.

ओट्यावर माणिकराव पेटीवर बोटं फिरवत होता. जयंती तोंडावर आलेली, तालमी चालू. केसरबाई बाहेर आली तसा त्यानं भाता थांबवला.

"बंकटच्या किल्ल्या काढून घेतल्या म्हणं."

"व्हय."

"दोन लेकी हायेत त्याच्या."

"मला म्हाईत हाय."

"उंदीर बी इरसालच म्हणायचा. म्हणं कड सोडून बरोबर मधात..." एवढं बोलून त्याचं बोट पट्टीवर तसंच राहिलं. त्यानं बायकोकडं पाहिलं. तीस वर्षं त्या मधल्या तुकड्यावरून विनोद करणारा माणूस तो.

"केसर."

"बोलू नका."

"मी कुठं बोलायलोय."

आत सिंधू तांब्यातलं पाणी चुळीचुळीनं वापरत होती, तो आवाज येत राहिला. मग माणिकराव हळूच म्हणाला, "सांगितलंस तर पोरीची जागा जाती. न्हाई सांगितलंस तर बंकट जातो. अन् उंदरं तर दोन्हीकडून खायलीच हायेत."

"मंग मी काय करू?"

"मला इचारतीस? मी पेटीवाला माणूस." त्यानं भाता ओढला, पण गाणं सुरू केलं नाही.

मंगळवारी सकाळी फळ्यांवरच्या गोधड्यांपैकी आणखी सहा गेल्या होत्या. औषध तसंच पडून होतं, काटे तसेच. राखणीला रात्रभर छबुबाईच्या घरचा गडी होता, त्यामुळं बंकटवर ढकलायचीही सोय राहिली नव्हती. तरी सवय ती सवय. बंकट दाराबाहेर उकिडवा बसलेला, आणि कौशल्याबाई त्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "किल्ल्या काढून घेतल्याचा राग. ह्यानंच सोडली असतील उंदरं. पोलिसांत द्या वैनी."

छबुबाईनं पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. "तेच करावं लागेल असं दिसतंय."

बंकट उठून उभा राहिला. पायांतल्या वहाणा काढून त्यानं बाजूला ठेवल्या, जणू आत्ताच कुणी न्यायला आलं आहे.

"बंकटचा ह्याच्यात काई संबंध न्हाई," केसरबाई म्हणाली. "उंदरं माझ्या आवतनानं आल्यात."

तिनं थप्पीतली एक धड गोधडी मांडीवर घेतली, मधले टाके ब्लेडनं तोडले, दोन बोटं आत घातली आणि वाळका तुकडा काढून छबुबाईच्या हातावर ठेवला.

"भाकर?" छबुबाईनं तो उलटापालटा केला. "गोधडीत भाकर?"

"घास. रिकामी गोधडी देऊ न्हाई म्हणून. आमच्यात चालत आलंय."

"सगळ्यांत आहे?"

"साऱ्यांत. मीच ठिवायला सांगितलतं."

केसरबाईनं वर पाहिलं आणि तेव्हा तिला एक गोष्ट दिसली. चौदा बायांपैकी एकीच्याही तोंडावर नवल नव्हतं. छबुबाई सोडली तर सगळ्यांना कालपासून ठाऊक होतं. प्रत्येकीनं आपल्या हातानं घास ठेवला होता, प्रत्येकीनं भोक बघितलं होतं, आणि प्रत्येकीला आपापली जागा प्यारी होती. काल शेडमध्ये कुणी कुणाकडं बघत नव्हतं ते यासाठी.

"आमाला काय ठावं?" कौशल्याबाईच आधी सावरली. "मावशी म्हणल्या ठिवा, आमी ठिवला. आमच्या आळीत न्हाई बाई असलं काही करत."

"तुमच्या आळीतल्या समद्या गोधड्या मीच शिवल्यात कौशल्याबाई," केसरबाई म्हणाली. "तुमी ज्या गोधडीवर बाळंत झालात तिच्यात बी घास होता."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. कौशल्याबाईनं तोंड फिरवलं.

छबुबाई हसली नाही. तिनं तो तुकडा वजनकाट्यावर ठेवला, किल्लीशेजारी. "काढता येतील?"

"येतील. मधलं तेवढं उसवायचं, काढायचं, पुन्ना मिटवायचं."

"गुरुवारच्या आत?"

"आत्ता बसलो तर."

"मग बसा." ती दारापर्यंत गेली, थांबली. "बंकट, ती किल्ली उचल." यापलीकडं ती त्याला काही म्हणाली नाही. पोलिसांचं नावही पुन्हा निघालं नाही.

ब्लेडं फिरली. काढलेले तुकडे एका पाटीत पडत गेले. काही नुसता भुगा, काही जसेच्या तसे. सगळ्या खाली मान घालून उसवत असताना जाईबाई मात्र गोधडी मांडीवर घेऊन नुसती बसलेली. वयानं केसरबाईएवढीच. बहात्तरच्या दुष्काळात तिचा तीन वर्षांचा पोरगा गेला होता. तेव्हापासून ती कमी बोलायची आणि बोलली की कुणाला उलट बोलता यायचं नाही.

"जाई, उसव की गं."

"मी घास काढत नसते."

"उंदीर खातील."

"खाऊ दे. भरवलेलं काढून घ्यायचं व्हय? पानावरनं उठवायचं? मी न्हाई उठवत कुणाला."

केसरबाई तिच्यापुढं जाऊन बसली. जाईबाई जे बोलत होती ते केसरबाईनंच तिला शिकवलं होतं.

"मी चुकले जाई," ती एवढंच म्हणाली. "ज्या गोधडीवर कुणी झोपलंच न्हाई तिला मी जेवू घातलं. माणूस यायच्या आधीच ताट वाढलं. मंग उंदीर यील न्हाई तर काय?"

जाईबाई बराच वेळ गोधडीवरून हात फिरवत राहिली. मग तिनं ब्लेड मागून घेतलं, टाके तोडले, तुकडा काढला. तो पाटीत टाकला नाही. तोंडात घातला. कडक होता. दातांना लागेना, म्हणून गालात धरून बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "कुणाच्या तरी पोटात गेला म्हंजे झालं. टाकायचा न्हाई."

त्यानंतर पाटीत तुकडा पडला नाही. कुणी खाल्ला, कुणी पदराला बांधला. कौशल्याबाईनं आपला दारातल्या शेळीला घातला आणि "ती बी जीवच हाय" असं कुणी न विचारता सांगितलं.

गुरुवारी वसतिगृहाच्या बाई स्वतः गाडीबरोबर आल्या. करड्या केसांच्या, हातात मोजपट्टी. त्यांनी एकेक गोधडी उजेडात धरून पाहिली. धड गोधड्यांवर त्यांची बोटं रेंगाळली. "सुरेख," असं त्या दोनदा म्हणाल्या. मग ठिगळाची एक हातात आली.

"हे मधेच काय?"

कौशल्याबाई आदल्या दिवसापासून सांगत होती, नक्षी म्हणून सांगू. छबुबाईनं केसरबाईकडं पाहिलं. त्या बघण्यात थोडी विनवणी होती.

केसरबाईला नक्षी म्हणता आलं असतं. ठिगळं तिनं खरंच फुलासारखी बसवली होती. तिच्या डोळ्यांपुढं चौकट धरून बसणारी सिंधू होती. पण या गोधड्यांवर कुणाच्या तरी लेकी झोपणार होत्या.

"उंदरानं खाल्लतं," ती म्हणाली. "आत कापड नवं घातलंय. पर उंदीर फिरलाय त्याच्यावरनं, हे खरं हाय."

बाईंनी पट्टी मिटली. "मग या मला नेता येणार नाहीत. मुलींच्या अंगावर घालायच्या आहेत."

एकवीस गोधड्या मागं राहिल्या. बाकीच्या गाडीत चढल्या. गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर छबुबाई शेडमध्ये आली आणि सगळ्यांच्या मधात, जमिनीवरच बसली. आजवर ती खुर्चीवर बसायची.

"नव्या बाया आता घेता येणार नाहीत," ती म्हणाली. "पुढचं काम मिळेल. पण एकवीस का परत आल्या, हे कचेरीत मला सांगावं लागणार. राखणदारानं केलं म्हणता येत नाही. मग कुणी केलं?"

बाया मांडीवरचे दोरे वेचू लागल्या. कौशल्याबाईही.

"माझं नाव सांगा," केसरबाई म्हणाली. "शिकवणारीनंच चूक केली, तिला काढून टाकली, असं सांगा. म्हंजे तुमच्यावर बोट येणार न्हाई."

"मावशी, मला तुम्हाला काढायचं नाही."

"मला म्हाईत हाय. पर कुणाला तरी काढावंच लागंल. माझी जागा मोकळी करा." ती थांबली. "फक्त ती मोकळी ठिवू नका."

छबुबाईला समजायला वेळ लागला नाही. तिनं केसरबाईकडं रोखून पाहिलं. ही बाई मागत होती की देत होती, हे तिला पटकन ठरवता येईना.

"सिंधूचा टाका कसा आहे?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती. "थोराड हाय," केसरबाई म्हणाली. "घाई करती. सा महिन्यांत सुधरंल."

"अन् तुम्ही काय करणार?"

"घरात कुपन तर आलं पायजे न्हवं?"

त्या संध्याकाळी घरात मोठा कालवा झाला. सिंधू रडली, ओरडली, म्हणाली, "तुमचे हात दगडाला लावायचे? आत्याबाई, तुमची बोटं जातील. मंग सुई कोण धरंल?" केसरबाईनं एवढंच विचारलं, "तुझी कंबर दुखती का न्हाई? खरं सांग." सिंधूनं मान खाली घातली. माणिकराव मधे पडायला गेला तर त्यालाही तिनं सुनावलं, "तुमी पेटीवालं माणूस हायसा, पेटी वाजवा." आणि आश्चर्य म्हणजे त्यानं वाजवली. मुकी पट्टी आली तेव्हा गळ्यातून सूर मात्र निघाला नाही.

सोमवारी सकाळी सिंधू शेडमध्ये जाऊन बसली. जाईबाईनं तिला आपल्या शेजारी, पत्रा कमी तापतो त्या भिंतीकडं जागा दिली आणि पाठीशी गोधडीची घडी लावली.

त्याच वेळी केसरबाई रोजगार हमीच्या पाझर तलावाच्या कामावर पोचली. चष्मा दोऱ्यानं घट्ट बांधलेला, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. मुकादम हजेरी घेत होता. तिला पाहून त्याची पेन्सिल थांबली.

"सिंधू कुठाय?"

"ती आजपासून बसून काम करणार हाय. सोसायटीत."

"बरं झालं. मला तिची धास्तीच वाटायची." त्यानं तिच्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं. "अन् तुमी, मावशी? या वयात?"

"मी बी बसूनच करणार की," केसरबाई म्हणाली. "खडी काय उभ्यानं फोडतेत व्हय?"

ढिगावरच्या बाया हसल्या आणि सरकून तिला जागा केली. तिनं हातोडा उचलला. पहिला घाव दगडावर नीट बसलाच नाही, दगड उडून बाजूला पडला. शेजारच्या पोरीनं तो परत आणून तिच्यापुढं ठेवला, तिचं मनगट धरलं आणि दाखवलं, "असं न्हाई मावशी. आधी त्याची शीर बघा, मंग मारा."

केसरबाईनं चष्मा वर सारला आणि दगडाची शीर शोधू लागली.